वीतभर वाकळ

“आणखी काय द्यायचं राहिलंय, बाबा?”

राजा धवलसेन शिवेच्या दगडाशी उभा राहून विचारत होता. मागं आठ सेवक, आठांच्या हातांत आठ तबकं, वर रेशमी रुमाल.

दगडापलीकडं चिंचेखाली ठिगळबाबा बसले होते. अंगावरच्या कफनीचाच एक काठ मांडीवर ओढून ते शिवत होते. त्यांनी मान वर केली.

“तबकं आली,” ते म्हणाले. “तू केव्हा येणार?”

“मी आलोच आहे, बाबा.”

“असं?” बाबांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

हा राजा उदार होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं तो फार केविलवाणा दिसणार आहे, आणि उगाच कुणाचा गैरसमज नको. गोष्टींतले राजे उदार असतातच. कुणी अर्धं राज्य देतो, कुणी हत्तीच्या वजनाचं सोनं. पण ते बिचारे कुणी मागितलं तर देतात. धवलसेन न मागता द्यायचा.

दर दसऱ्याला घरटी नवं कापड जाई. आणि नवं दिलं की जुनं राजाची माणसं गोळा करून नेत. होळीपर्यंत ते साठे, मग होळीत जाई. ‘माझ्या राज्यात ठिगळ दिसता कामा नये’ असा हुकूमच होता. ठिगळबाबांची कफनी म्हणजे नुसती ठिगळंच. म्हणून ते शिवेच्या दगडापलीकडं राहत. दगडाच्या अलीकडं हुकूम, पलीकडं चिंच.

राजाची आणखी एक गोष्ट होती. तो कुणाकडून काही घेत नसे. कुणाच्या घरचं पाणीसुद्धा नाही. देणाऱ्याचा हात वर असतो, तो खाली यायचा नाही, असं तो म्हणे. आणि म्हणताना हात वर करून दाखवीही.

आज मात्र तो हात शिवेच्या दगडावर टेकला होता.

त्याला तीन मुलं झाली होती. तिन्ही बारशाआधी गेली. चौथा मुलगा आज दहा दिवसांचा होता. परवापासून तो राणीच्या अंगावर पीत नव्हता. सुईण कापसाच्या बोळ्यानं चार थेंब तोंडात पिळायची, त्यातले दोन ओघळून बाहेर यायचे. राजवैद्यांनी नाडी सोडून वर बोट केलं होतं. तेव्हा सुईणच म्हणाली, “ठिगळबाबांना विचारून बघा.”

निघताना राजानं सांगून ठेवलं होतं. पोराचं काही बरंवाईट झालं, तर गडावरचा नगारा एकदा वाजवायचा. एकदाच.

त्यामुळं बाबांशी बोलताना त्याचा एक कान गडाकडं होता.

“उन्हातून आलास,” बाबांनी करवंटीत पाणी ओतलं. “घे.”

“नको, बाबा. मी घेत नसतो.”

“हं.”

“मी तुळा केली. शंभर गाई दिल्या, शिंगं मढवून. सात विहिरी खोदल्या. काल सकाळपासून अन्नछत्र चालू आहे, कुणालाही नाही म्हटलेलं नाही. मग चुकतंय कुठं? काय द्यायचं राहिलंय?”

बाबांनी एक टाका घातला. दुसरा घातला.

“बाबा…”

“देऊन झालं,” बाबा म्हणाले. “आता माग.”

“काय मागू?”

“भीक.”

सेवकांनी एकमेकांकडं पाहिलं. एका तबकावरचा रुमाल घसरला, तो कुणी उचलला नाही.

आपल्याकडं ही चाल आहे. ज्या घरात मूल जगत नाही, त्या घरची आई नाहीतर बाप पाच दारं फिरतो, पदर पसरून वापरलेल्या कापडाचे तुकडे मागतो, आणि त्यांची कुंची शिवून पोराच्या डोक्यावर घालतो. पोर आमचं नव्हे, मागून आणलेलं आहे, असं सटवाईला दाखवायचं. गावोगावी भिकू आणि दगडू असतात ते काही हौसेनं नव्हे.

राजाला चाल ठाऊक होती. गोरगरिबांची चाल म्हणून ठाऊक होती.

“मी? भीक?”

“तू. पायी. तुझ्या हातानं. कापड त्या घरचं हवं, अंगाला लागलेलं. बारशाच्या आत आण, शिवून मी देतो.”

राजानं खांद्यावरचं उपरणं चाचपलं. मग त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी जरा रंग आला.

“एवढंच ना? माझ्या राज्यात असं एक घर दाखवा, बाबा, जिथं माझं दान पोचलेलं नाही. मागायचा अवकाश, सगळे धावत येतील.”

“येतील,” बाबा म्हणाले. “तीच तर काळजी आहे.”

राजानं जोडे काढले, मुगुट सेवकाच्या हाती दिला, आणि उपरणं दोन्ही हातांवर पसरून तो नगरात शिरला. ‘माई, भिक्षा वाढा’ हे तीन शब्द त्यानं वाटेत चारदा घोकले होते. ते वायाच गेले.

पहिलं दार सोनाराचं. राजानं तोंड उघडायच्या आत सोनारीण आत पळाली आणि पेटीतून शेला घेऊन आली. कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेला.

“महाराज, तुम्ही मागायचं असतं का? हुकूम करायचा.”

“माई, भिक्…”

“हा घ्या. आणि हाही घ्या. आणखी दोन आहेत, काढू?”

पुढच्या दारी तेली तबक घेऊनच उभा होता. त्याच्या पुढं वाणी. बातमी राजाच्या पुढं धावत होती. लोक उंबऱ्यात ओळीनं उभे राहिले, कुणी औक्षण केलं, कुणी पायांवर पाणी घातलं. खरं सांगायचं तर राजाला बरं वाटलं. भीक मागणं इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. उन्हं उतरायच्या आत पाच घरं झाली आणि उपरण्यात मावेना.

नगारा वाजला नव्हता.

त्यानं दगडाशी उभं राहूनच गाठोडं बाबांपुढं सरकवलं. बाबांनी एकेक कापड काढून उजेडापुढं धरलं.

“हा शेला?”

“सोनाराकडचा.”

“त्याला कुणी दिला?”

“…मी. तीन वर्षांपूर्वी. दसऱ्याला.”

बाबांनी शेला उजवीकडं ठेवला.

“हे धोतर?”

“तेल्याचं.”

“त्याला कुणी दिलं?”

बाबांनी धोतर शेल्यावर ठेवलं. मग लुगडं. मग खण. मग आणखी एक शेला. उपरणं रिकामं झालं आणि उजवीकडं ढीग झाला.

“घडीसुद्धा मोडलेली नाही,” बाबा म्हणाले. “अंगाला लागलंय कुठं?”

“लोक जपून ठेवतात, बाबा. राजाचं दान म्हणून.”

“म्हणजे वापरत नाहीत.”

“अंगावरचं एक वापरतात.”

“ते कुणाचं?”

“ते… तेही माझंच.”

चिंचेवर एक पोपट ओरडला आणि राजा दचकून गडाकडं वळला. नगारा नव्हता. पोपटच होता.

“पाच घरं फिरलास,” बाबांनी विचारलं, “की एकाच घरी पाचदा गेलास?”

आजवर ज्या गोष्टीचा राजाला अभिमान होता, तिची आता भीती वाटायला लागली. माझं दान पोचलेलं नाही असं एक घर दाखवा… हे त्यानंच म्हटलं होतं, याच दगडाशी, सकाळी.

“मग आता मी काय करू? उद्याचा एक दिवस हातात आहे.”

“पाच जाऊ दे. एक आण. वीतभर चालेल. पण तुझं नसलेलं आण.”

बाबांनी पुन्हा करवंटी पुढं केली. ओठ कोरडे पडले होते राजाचे, मला विचाराल तर त्यानं प्यायला हवं होतं. पण तो म्हणाला, “वेळ नाही, बाबा,” आणि निघाला.

अकरावा दिवस उजाडला.

सकाळीच प्रधानानं सुचवलं, “महाराज, दवंडी पिटू या. जो आपलं नसलेलं कापड आणून देईल त्याला पाच गावं इनाम.”

राजा हो म्हणणार होता. जन्मभर तो असंच करत आला होता. पण तोंडातून शब्द निघता निघता थांबला. इनाम दिलं की ते कापड पुन्हा त्याचंच झालं… मग ते बाबांच्या उजवीकडच्या ढिगात जाणार.

तो पुन्हा पायी निघाला. या वेळी त्यानं उपरणं पसरलं नाही, सरळ विचारलं, “माझं नसलेलं काही आहे का घरात?”

लोक घाबरले. राजा तपासणीला आलाय असंच त्यांना वाटलं. “नाही हो महाराज, एक चिंधी ठेवलेली नाही! तुमच्या माणसांनी सगळं नेलं, आम्ही सगळं दिलं!” राजा विनवत होता आणि ते कान पकडत होते. पेट्या उपसल्या गेल्या. कोठीतून, माळ्यावरून, देव्हाऱ्याच्या खालून राजाचीच कापडं निघत राहिली. एक म्हातारा तर रडकुंडीला आला. म्हणाला, “महाराज, लंगोटीसुद्धा तुमचीच आहे. शपथ घेतो.”

एरवी राजा हसला असता.

दुपार झाली. राजवाड्यातून दासी धापा टाकत आली. राणी रेवतीचा निरोप होता, एका वाक्याचा. “बोळ्याचे थेंबही आता आत जात नाहीत.”

राजा सोनाराच्या ओट्याला टेकला. बसला नाही, टेकला. त्याचे पाय फुटले होते. सोनारीण दाराआडून बघत होती. काल तिनं शेले काढून दिले होते, आज तिच्याकडं द्यायला काही नव्हतं, आणि तिलाही ते लागलं असावं. ती हळूच बाहेर आली.

“महाराज, राग मानू नका. ठकू म्हातारीकडं जाऊन बघा. वेशीपाशी पत्रावळी लावते ती. तिनं तुमचं पांघरूण परत पाठवलं होतं.”

राजाला आठवलं. एक रेशमी पांघरूण परत आलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, दोन पाठवा. तीही परत आली. मग तो विसरून गेला.

ठकू म्हातारीचं खोपट वेशीला लागून होतं. दारात पळसाच्या पानांचा ढीग, आणि त्या ढिगाआड ती बसलेली. पानाला पान लावायची, काडी टोचायची, मोडायची. राजाच्या पंगतींना लागणाऱ्या पत्रावळी तिच्याच हातच्या होत्या. राजानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

तो उभा राहिला. तिनं वर बघितलं नाही.

“माई… भिक्षा वाढा.”

“कोन हाय?”

“माई, भिक्षा.”

“मोठ्यानं बोल बाबा. म्हातारीला ऐकू येत न्हाई.”

काल कुणी त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आज ते तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली. वेशीतून माणसं जात-येत होती. राजानं डोळे मिटले.

“माई, भिक्षा वाढा!”

म्हातारीनं काडी मोडली आणि मान वर केली.

“आरं, राजा व्हय तू.” तिला नवल वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. “काय पाहिजे?”

“घरचं कापड. वापरलेलं. माझं नसलेलं.”

म्हातारी हसली. दात नव्हते, तरी हसणं टोचलं.

“ते तर तुझ्या मानसांनी न्हेलं की रं. माझी वाकळ. माझ्या लग्नातलं लुगडं व्हतं तिच्यात. धन्याचं पागोटं व्हतं. दोन पोरांची अंगडी व्हती, एक पोरगं पुरात ग्येलं त्याचं बी. उशापायथ्याला कुटं कोन हाय ते मला अंधारात हातानं कळायचं. तुझी मानसं आली, म्हनली, फाटकी हाय. म्या म्हनलं, असू दे. ती वढाया लागली, म्या बी वढली. मंग हुळीत ग्येली.”

“मला… माहीत नव्हतं.”

“इचारलं न्हाईस.”

राजानं जन्मभर लाखांना दिलं होतं. हवं का, असं एकालाही विचारलं नव्हतं. ते त्याला आत्ता कळलं, आणि फार वाईट वेळेला कळलं.

“काहीच उरलं नाही का, माई?”

म्हातारी दारातूनच आत वाकली. मग तिनं उशाखालून, म्हणजे पानं भरलेल्या पोत्याखालून, एक तुकडा काढला. वीतभर. एका कडेला ओढाताणीत फाटल्याचे धागे लोंबत होते.

“हे माझ्या हातात ऱ्हायलं.”

तुकड्यात तीन रंग होते. एक लुगड्याचा असावा, एक पागोट्याचा. तिसरा बारीक ठिपक्यांचा होता, लहान पोराच्या अंगड्याला असतो तसला.

राजा त्या ठिपक्यांकडं बघत राहिला. गादीवर आल्यापासूनच्या पंधरा वर्षांत त्यानं काय काय देऊन टाकलं होतं, पण असं काही त्याच्याकडं कधी नव्हतंच.

“हे नको,” तो म्हणाला. “माई, हे सोडून दुसरं काही…”

“दुसरं समदं तुझंच हाय. ह्ये अंगावरचं लुगडं बी. पांघरून परत धाडलं, लुगडं कसं धाडनार? उघडी ऱ्हाऊ?”

गडाच्या बाजूनं वारा आला. राजानं श्वास धरला. नगाऱ्याचा आवाज नव्हता. पण पुढचा वारा तो घेऊन येईल… किंवा त्याच्या पुढचा.

त्यानं उपरणं सोडलं आणि दोन्ही हातांवर पसरलं. हात खाली होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“मला ते द्या, माई.”

म्हातारीनं लोंबणारे धागे बोटानं आत सारले.

“पोर कितव्या दिसाचं?”

“अकराव्या.”

“दूध?”

“नाही घेत.”

तिनं तुकडा गालाला लावला, एकदाच, आणि हात पुढं केला. आणि राजानं, सवयीच्या गुलामानं, त्याच क्षणी बोटातली हिऱ्याची अंगठी उपसली.

म्हातारीचा हात मागं गेला.

“इकत न्हाई मी.”

“माई, मी आपलं…”

“घाल ती बोटात.”

राजानं अंगठी बोटात घातली. ती चढेना, तेव्हा थुंकी लावून चढवली. मग रिकामे हात पुन्हा पसरले. वाकळीचा तुकडा त्यांवर पडला. वजन काहीच नव्हतं त्याला.

आता काय म्हणायचं असतं, ते राजाला ठाऊक नव्हतं. त्याच्या दारातून घेऊन जाणारी माणसं काहीबाही म्हणत असत, जयजयकार करत. तो तसाच उभा राहिला.

“जा आता,” म्हातारी म्हणाली आणि तिनं पुढचं पान उचललं. “पोराला गार लागत आसंल.”

राजा पळाला. राजे पळत नसतात, पण हा पळाला. शिवेच्या दगडाला ठेच लागली, अंगठा फुटला, तरी तुकडा त्यानं छातीशी धरलेला होता.

बाबांनी तो उजेडापुढं धरला. काही विचारलं नाही. उजवीकडंही ठेवला नाही. सरळ सुई काढली.

वीतभर कापडाची कुंची होत नाही. बाबांनी टोपडं बेतलं. बंदांना कापड पुरेना, तेव्हा आपल्या कफनीची एक पट्टी टरकन फाडली. राजा उभा होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

“बाबा, यानं जगेल ना तो?”

बाबा शिवत राहिले.

“जगेल ना?”

“मला शिवता येतं,” बाबा म्हणाले. “तेवढंच येतं.”

“आणि नाही जगला तर? मी तिचं एवढं एक उरलेलं घेतलं… आणि तो नाही जगला तर?”

बाबांचा हात थांबला. मग त्यांनी दोरा दातानं तोडला आणि टोपडं दगडावरूनच राजाच्या ओंजळीत ठेवलं.

“आत्ता तू बाप झालास,” ते म्हणाले. “जा.”

पुढचं सांगताना माझाही जीव खालीवर होतो, म्हणून भराभर सांगतो.

दिवस मावळताना टोपडं पोराच्या डोक्यावर चढलं. राणीनं बंद बांधले. ती ठिपक्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिली. राजा पाळण्याशी भुईवर बसला. दर घटकेला तो पोराच्या नाकापुढं हात धरी. सुईण म्हणायची, “महाराज, श्वास आहे हो, हात काढा, तो घुसमटेल.” पहाटे राजाचा डोळा लागला. आणि त्याला जागं केलं ते रडण्यानं. चिरक्या, चिडलेल्या, भुकेल्या रडण्यानं.

राणीनं पोराला जवळ घेतलं. ओठ हलले. सुटले. पुन्हा हलले.

“ओढतोय…” राणी म्हणाली. “ओढतोय हो.”

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव भिकू ठेवलं. दरबारच्या भाटांची फार पंचाईत झाली. भिकूला जुळणारी भारदस्त विशेषणं त्यांना सापडेनात. आत्याबाईंनी कानात नाव सांगताना नाक मुरडलं. राजा मात्र ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.

जेवणावळ उठली. पंगतीच्या पत्रावळी उचलल्या जात होत्या. राजानं त्यातली एक हातात घेतली आणि तिची टोचलेली काडी न् काडी बघितली. मग ती खाली ठेवून तो बाहेर पडला.

वेशीपाशी त्याची पावलं अडखळली. ठकू म्हातारी दारात बसून पानाला पान लावत होती. तिच्या उशाखाली आता काही उरलं नव्हतं. राजाचा हात आपोआप गळ्यातल्या कंठ्याकडं गेला. तिथंच राहिला. मग खाली आला.

“पोर प्यालं, माई,” तो मोठ्यानं म्हणाला.

म्हातारीनं मान डोलावली.

“टोपडं धुऊ नगंस हां लगीच,” ती म्हणाली. “रंग जातुया त्याचा.”

राजा पुढं चालत राहिला. शिवेचा दगड आला. आजवर तो तिथंच थांबत असे. आज तो दगड ओलांडून चिंचेखाली गेला. मागं तबकं नव्हती, सेवक नव्हते, पायांत जोडेही नव्हते. बाबा कफनीला फाडलेल्या पट्टीच्या जागी नवं ठिगळ लावत होते.

“बाबा, पोर प्यायला लागलं.”

“हं.”

“मी काही आणलं नाही.”

बाबा शिवत होते.

राजाचा घसा सुकला होता. तीन दिवस सुकलेला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि मग सावकाश गुडघे टेकून दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“तहान लागलीय, बाबा. पाणी द्याल?”

बाबांनी सुई कफनीत टोचून ठेवली आणि करवंटी उचलली.

“आलास?” ते म्हणाले. “बैस.”